धुराचा मॉडरेटर

मी बरीच वर्षं दहावीच्या मराठीचे पेपर तपासले. 'माझा आवडता पक्षी' या विषयावर म्हशीचा निबंध लिहिणाऱ्या मुलालासुद्धा मी दोन गुण दिलेले आहेत, कारण शेवटच्या ओळीत म्हशीच्या पाठीवर बगळा येऊन बसला होता. तेव्हा गुण देण्याच्या बाबतीत मला कुणी कंजूष म्हणणार नाही. पण जिथं नापास व्हायची सोयच नाही, पस्तीस हा आकडा कुणी ऐकलेला नाही आणि झाडून सगळे विद्यार्थी नव्वदीच्या आसपासच जन्माला येतात, अशी परीक्षा मला निवृत्तीनंतर बघायला मिळाली. विद्यार्थी ६ इंच लांब होता, तपकिरी होता, निकाराग्वाचा होता, आणि त्याची उत्तरं त्याला पेटवून नाकातोंडातून बाहेर काढायची होती.

या परीक्षेला मला नेलं माझ्या मेहुण्यानं. सुहास मूळचा निपाणीचा. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशींच्या मागं उभं राहून शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवून धरला होता, तीच निपाणी. माझ्या सासऱ्यांची तिथं तंबाखूची वखार होती. घरात पाणी प्यायचं तरी आधी तांब्यावरचा खकाणा फुंकावा लागे. सुहासला लहानपणी शिंका इतक्या यायच्या, की तो पाढे म्हणायला लागला की घरचे बाराच्या पाढ्याला जेवायला निघून जात. 'पोरगं या खकाण्यातनं बाहेर पडलं पाहिजे' असा पण करून सासऱ्यांनी त्याला इंजिनिअर केला, कर्ज काढून अमेरिकेला धाडला. पोरगं बाहेर पडलं, ह्यूस्टनला स्थिरस्थावर झालं, पन्नाशीला आलं, हातात चार पैसे खुळखुळायला लागले आणि त्यानं पहिली मोठी हौस कसली केली? तंबाखूची.

"दाजी, ही तंबाखू नव्हे. सिगार आहे."

"आत काय असतं?"

"पानं."

"कसली?"

"तंबाखूचीच. पण तुम्ही समजता तसली नव्हे."

ह्यूस्टनच्या त्याच्या घरात सिगारसाठी वेगळं कपाट आहे. आतून सगळं देवदारासारख्या वासाच्या लाकडानं मढवलेलं. त्यात आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या मध्ये राहायला लागते. कमी झाली तर पानं तडकतात, वाढली तर बुरशी धरतात, आणि हवा तापली तर पानांतच झोपलेली तंबाखूची अळी जागी होऊन सिगारला भोकं पाडते. त्यामुळं कपाट मोबाईलला जोडलेलं आहे. मध्यरात्री गजर वाजला की सुहास दचकून उठतो, "चौसष्ट!" असं ओरडतो आणि अनवाणी पळतो. त्याची बायको शांतपणे कूस बदलते. ती मला म्हणाली, "मला मागं ताप आला तेव्हा घरात थर्मामीटर मिळेना. शेवटी सिगारच्या कपाटात सापडला. तेव्हा त्यानं विचारलं, 'तुझं होईपर्यंत यांचं कोण बघणार?'"

आम्ही नवराबायको ह्यूस्टनला पाहुणे म्हणून गेलो, आणि आठवड्याभरातच सुहासनं जाहीर केलं, "दाजी, आपण दोघं एस्तेलीला जाऊ या. सिगारची राजधानी."

"निपाणीला जाऊन तुला किती वर्षं झाली रे?"

"तिकडं धूळ फार असते, दाजी."

एस्तेली हे गाव निकाराग्वाच्या डोंगराळ भागात, ८०० मीटरहून जास्त उंचीवर आहे. राजधानी मनाग्वाहून उत्तरेला साधारण १५० किलोमीटर. या प्रवासात सुहासनं मला सिगारचा इतिहास सांगितला, आणि तो मला आवडला, कारण त्यातली सगळी माणसं ओळखीची निघाली. १९५९ साली क्युबात क्रांती झाली, शेतं आणि कारखाने सरकारजमा झाले. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी क्युबाचा माल बंद करायला निघाले. पण हुकमावर सही करायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना गावभर पिटाळलं, आणि सकाळी १,२०० क्युबन सिगार हाती लागल्यावरच सहीचा कागद पुढं ओढला. हे खुद्द सॅलिंजर यांनीच पुढं सांगितलं. ते ऐकल्यावर केनेडी मला एकदम आमच्या कागल तालुक्यातले वाटायला लागले.

मग क्युबातून परागंदा झालेले तंबाखूवाले बियाणं घेऊन निकाराग्वात उतरले. एस्तेली, कोंदेगा आणि हालापा या खोऱ्यांतली माती त्यांना मानवली. १९६८ साली तिथला पहिला कारखाना निघाला, त्याचं नाव होया दे निकाराग्वा. होसे ओर्लांदो पाद्रोन हे क्युबातून मायामीला गेलेले गृहस्थ १९७० साली धंदा घेऊन इथं आले. १९७८ च्या धामधुमीत त्यांचा कारखाना जाळला गेला, तरी ते पुन्हा उभे राहिले. पुढच्याच वर्षी इथंही क्रांती झाली, आणि १९८५ साली अमेरिकेनं याही देशाचा माल बंद केला. तो १९९० पर्यंत बंद होता. अमेरिकेचं सरकार ज्या देशाची सिगार बंद करतं, त्याच देशाच्या सिगारची अमेरिकन माणसाला तलफ येते, असा एकंदर नियम दिसला. सुहासला म्हटलं, "तुमच्या सरकारनं एकदा निपाणीचा माल बंद करायला पाहिजे. भाव तरी मिळेल." तो खिडकीबाहेर बघायला लागला.

आम्ही ज्या कारखान्यात गेलो तिथं आधी आंबवणीची खोली दाखवतात. पानांच्या जुड्या रचून माणसाच्या छातीएवढे ढीग केलेले असतात. ते आपोआप आतून तापतात. प्रत्येक ढिगात एक थर्मामीटर खुपसलेला. पारा ठरलेल्या रेघेच्या वर गेला की सगळा ढीग उलथायचा, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचायचा. असं महिनोनमहिने चालतं. या खटाटोपात पानांतून अमोनिया बाहेर पडतो. दार उघडल्याबरोबर माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि नाक बंद झालं. सुहास मात्र दोन्ही हात पसरून उभा राहिला, छाती फुगवली आणि म्हणाला, "अहाहा!"

त्याला एकही शिंक आली नाही. सासऱ्यांनी त्याच्या शिंकांपायी काढलेल्या कर्जाचा आकडा मला आठवला.

पुढच्या दालनात बायका रांगेनं बसून पानांच्या मधल्या शिरा काढत होत्या आणि रंगावरून, जाडीवरून पानं निवडत होत्या. मी म्हटलं, "सुहास, तुमच्या वखारीत बायका अशाच निवडायला बसायच्या की."

"दाजी, हळू बोला. ऐकतील लोक."

"मराठी कुणाला कळतंय इथं?"

"तरी पण."

मग प्रत्यक्ष वळायची जागा आली. रोपाच्या खालच्या अंगाचं पान नीट जळतं, मधल्याचा वास चांगला, आणि शेंड्याकडचं, उन्हात तापलेलं पान सगळ्यात तिखट. त्याला लिहेरो म्हणतात. ही पानं हिशेबानं एकत्र घेऊन एकजण पोटातली गुंडाळी करतो. तिच्यावर एक पान आवळून बसवतात आणि साच्यात दाबून ठेवतात. मग एका यंत्राला तोंड लावून तीतून हवा नीट जाते का बघतात. यंत्र पास म्हणालं तर दुसरी व्यक्ती, बहुतेक ठिकाणी बाईच, वरून एक सुंदर, तुकतुकीत पान तिरकं गुंडाळत नेते आणि टोकाला टोपी चिकटवते. हे बघण्यासारखं असतं. त्या बाईचा हात चालला होता आणि आम्ही पर्यटक तोंड उघडं टाकून उभे होतो.

वाटाड्या म्हणाला, "एका सिगारला ३०० हात लागतात."

मी म्हटलं, "मग ओढण्याआधी धुवायची का?"

हे सुहासनं भाषांतरित केलं नाही. त्याऐवजी त्यानं आपल्या तोडक्या स्पॅनिशमध्ये त्या बाईला विचारलं, की या सिगारमध्ये तुम्हाला कोणकोणते स्वाद जाणवतात? बाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. मग सिगार बोटांत फिरवून म्हणाल्या, की ओढायला मोकळी आहे आणि सरळ जळते. आणि पुढची घेतली.

"फार विनयशील लोक आहेत," सुहास म्हणाला.

दुपारी परीक्षा होती. लांब टेबल, दहा खुर्च्या. टेक्सासचा एक दातांचा डॉक्टर होता, ज्याच्या दातांकडं बघून मी जीभ आवरली. विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते, फ्लोरिडाचं एक जोडपं होतं, आणखी चारजण, सुहास आणि मी. प्रत्येकापुढं एक सिगार, कात्री, काडेपेटी, पाणी आणि एक छापील गुणपत्रक. त्यावर रकाने होते: रूप, बांधणी, कोरडा झुरका, पहिला तृतीयांश, दुसरा तृतीयांश, शेवटचा तृतीयांश, जळणं, राख, ताकद, आणि फिनिश, म्हणजे शेवटी मागं रेंगाळणारी चव. एकूण गुण १००.

सिगारची जाडी ५२ होती. म्हणजे ५२ काय, असं विचारल्यावर कळलं की ५२ चौसष्टांश इंच, म्हणजे साधारण २ सेंटिमीटर. इंचाचे चौसष्ट भाग करून त्यातले बावन्न मोजणारी माणसं धुराचेही बारीक भाग करणार, हे मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

आधी टोपी कापायची. "फक्त दोन मिलिमीटर," सुहास कुजबुजला. मी कापली. वरचं पान, जे त्या बाईनं इतक्या नजाकतीनं गुंडाळलं होतं, ते मला बघून उलगडायला लागलं. दातांच्या डॉक्टरनं तत्परतेनं ते थुंकी लावून चिकटवलं. ३०१ वा हात.

मग कोरडा झुरका. म्हणजे न पेटवता ओढायची. सगळ्यांनी डोळे मिटून ओढली.

"काय जाणवतं?" परीक्षकानं विचारलं.

"पेटवलेली नाही, हे जाणवतं," मी म्हटलं.

आजोबांना वाळलेलं गवत जाणवलं. जोडप्यातल्या बाईंना मनुका जाणवल्या. त्यासरशी त्यांच्या नवऱ्यालाही मनुका जाणवल्या, आणि इतक्या वर्षांचा संसार कसा टिकतो ते मला कळलं.

पेटवणं हेही पेटवणं नव्हतं. आधी टोक ज्योतीपासून लांब धरून शेकायचं, फिरवत राहायचं, आणि सगळीकडून सारखा निखारा धरला की मगच ओढायचं. पेट्रोलचा लायटर चालत नाही, त्याचा वास लागतो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा. मिनिटाला एखादाच झुरका, नाहीतर सिगार तापून कडू होते. आमच्या गावातला कुठलाही माणूस इतक्या वेळात विडी पेटवून, ओढून, विझवून, उरलेलं थोटूक कानावर ठेवून परत कामाला लागला असता.

पहिल्या तृतीयांशात परीक्षक म्हणाला, "आता थोडा धूर नाकावाटे सोडा. निकाराग्वाची खरी ओळख तिथं पटते."

मी सोडला. त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. दोन्ही नाकपुड्यांतून, डोळ्यांतून आणि माझ्या समजुतीप्रमाणं कानांतूनही काहीतरी बाहेर पडलं. आवाज फुटला तेव्हा मी एवढंच म्हणालो, "संकेश्वरी!"

संकेश्वरी म्हणजे आमच्याकडची मिरची. सुहासला ते माहीत होतं. पण दातांच्या डॉक्टरला नव्हतं. त्यानं पेन काढलं आणि अदबीनं विचारलं, "स्पेलिंग काय?"

सुहासनं सांगितलं. काय करणार, त्याचीही इज्जत पणाला लागली होती. डॉक्टरनं पुन्हा एकदा नाकातून धूर काढला, डोळे पुसले आणि मान हलवत म्हणाला, "हो. संकेश्वरी. अगदी मागच्या बाजूला." दोन मिनिटांत ती टेबलभर पसरली. आजोबांना सुरुवातीपासूनच संकेश्वरी वाटत होती, फक्त शब्द सापडत नव्हता. जोडप्यातल्या बाईंना ती मनुकांच्या खाली लागली. नवऱ्यालाही तिथंच लागली.

मला धीर आला. परीक्षक म्हणाला, "यात कुणाला गोठा सापडतो का?"

"गोठा हा चांगला की वाईट?" मी सुहासला विचारलं.

"चांगला."

"मग आमच्या परड्यातल्या गोठ्याला तू नाक का धरायचास?"

"तो खरा गोठा होता, दाजी."

मग चामडं आलं. परीक्षकाच्या मते दुसऱ्या तृतीयांशात चामडं स्पष्ट होतं. माझी अडचण अशी, की चामड्याची चव बघण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला नाही. तरी कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस या विषयात मागं राहणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, "चप्पल."

टेबलावर शांतता पसरली. आजोबांनी गंभीरपणे विचारलं, "नवी की वापरलेली?"

"करकरणारी," मी म्हटलं. सगळ्यांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या तृतीयांशात माझी सिगार एका बाजूनं भराभर जळत गेली आणि दुसरी बाजू तशीच राहिली. याला होडी होणं म्हणतात. सुहासनं काडीनं ती बाजू सारखी केली, तेवढ्यात राख पडली. सिगारची राख झटकायची नसते, ती आपण होऊन पडेपर्यंत वाट बघायची असते. जितकी लांब टिकेल तितकी बांधणी चांगली. डॉक्टरची दीड इंच टिकली होती, आणि ती हलू नये म्हणून तो बराच वेळ न हसता, न बोलता, न खोकता बसला होता. माझी राख नेमकी गुणपत्रकावर 'राख' याच रकान्यात पडली. उत्तर विद्यार्थ्यानं स्वतः योग्य जागी लिहिल्यामुळं मी तिथं पूर्ण गुण दिले.

शेवटच्या तृतीयांशात कोको, कॉफी आणि देवदार येतात म्हणे. मला मात्र घाम आला. गार घाम. टेबल सावकाश डावीकडं निघालं. सकाळी मी भात आणि राजम्याचा तिथला गाय्यो पिंतो जेमतेम दोन घास खाल्ला होता, आणि रिकाम्या पोटी निकोटिन असंच वागतं म्हणे.

"फुल बॉडी आहे," सुहास म्हणाला.

"ती खाली पडणार आहे," मी म्हटलं.

वाढणाऱ्या मुलीनं न विचारता माझ्यापुढं साखरेचं गार पेय आणून ठेवलं. अख्ख्या दुपारी खरं निदान एकट्या तिनं केलं, आणि तिच्याकडं गुणपत्रकही नव्हतं.

मग गुण द्यायची वेळ झाली. कुणीच आधी बोलेना. जो तो शेजाऱ्याच्या कागदाकडं तिरक्या नजरेनं बघत होता. शंभर गुणांची ही पद्धत १९९२ साली निघालेल्या 'सिगार अफिशियोनादो' या नियतकालिकानं रूढ केली. त्यांच्या पट्टीत ९५ पासून वर म्हणजे अभिजात, नव्वदीत असेल तर उत्कृष्ट, ८० ते ८९ फार चांगली, ७० ते ७९ साधारण, आणि ७० च्या खाली असेल तर पैसे वाया घालवू नका. आमच्या बोर्डात ६९ मिळाले तर बाप पेढे वाटतो. तिथले परीक्षक निदान सिगारचं नाव झाकून गुण देतात. इथं नावाचा सोनेरी पट्टा प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं चमकत होता आणि किमतीचा कागद टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता.

एकेक आकडा बाहेर आला. ९२, ९३, ९४, ९३, ९२, ९३, ९५, ९३, ९२. मी सवयीनं सगळ्यांची गुणपत्रकं मागून घेतली आणि चष्मा लावला. नऊही जणांनी लिहिलं होतं: कोको, कॉफी, देवदार, चामडं. त्याच क्रमानं. मी गुणपत्रक उलटं केलं. मागं बारीक अक्षरात कारखान्याचीच नमुना उत्तरं छापलेली होती. तीच चार, त्याच क्रमानं. अशा केंद्रावर आमच्याकडं भरारी पथक येतं. छापील उत्तरांच्या बाहेरचं म्हणून सगळ्यांकडं दोनच शब्द होते, संकेश्वरी आणि करकरणारी चप्पल, आणि तेही माझ्याकडून उतरवलेले.

"तुमचे किती?" परीक्षकानं मला विचारलं.

"६१. प्रथम श्रेणी."

एकदम गलका झाला. डॉक्टर म्हणाला, "हिची किंमत माहीत आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "पेपर तपासताना आम्ही बापाचा पगार बघत नाही."

सुहासचा चेहरा पडला. त्यानं मोबाईलवर सरासरी काढली: ८९.८. नव्वदीला सगळ्यांचे मिळून फक्त दोन गुण कमी. नऊ माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पालक त्याच नजरेनं उभे असत. "दाजी," सुहास मराठीत म्हणाला, "दोनच गुण. मी दोन पेट्या घेणार आहे. ८९ च्या पेट्या घरी कशा नेऊ?"

बोर्डात अशा वेळी कृपागुण देता येतात. मी सुवाच्य राखेबद्दल दोन गुण वाढवले. सरासरी बरोबर ९० झाली. टाळ्या पडल्या. आजोबांनी मला मिठी मारली. डॉक्टर म्हणाला की मला तर पहिल्यापासून ती नव्वदीचीच वाटत होती, आणि त्यानं आपण दिलेल्या ९५ वर हळूच हात ठेवला.

ह्यूस्टनला परतलो तेव्हा दारातच माझी बायको आडवी आली. तिनं आधी माझ्या शर्टाचा वास घेतला, मग भावाच्या.

"अहो, हे काय? ओलसर तंबाखू, गोणपाट आणि पावसाळ्यात बंद ठेवलेली खोली. ही तर आमची वखार! एवढं विमानाचं भाडं भरून वखारीत जाऊन बसलात? बाबांनी फुकट बसवलं असतं."

सुहासनं खांद्यावरची पिशवी खाली टाकली आणि घाईघाईनं मोबाईल काढला. "आक्का, थांब. पहिलं ओलसर, मग काय म्हणालीस? गोणपाट? आणि फिनिश कसा वाटतोय?"

"फिनिश कसलं डोंबलाचं! चार धुण्यांत तरी निघतोय का बघ हा वास."

सुहासनं टाइप केलं, 'फिनिश: दीर्घ', आणि गुण वाढवून ९३ केले.